वनहक्काच्या कामात नवे असाल तर आधी नमुना 'क' वाचा

फेलोशिप घेऊन गडचिरोलीत येणाऱ्यांना 2006चा वनहक्क कायदा बहुतेक पाठ असतो. जमिनीच्या ताब्यासाठीची 13 डिसेंबर 2005 ही तारीख, वैयक्तिक दाव्याची चार हेक्टरची मर्यादा, इतर पारंपरिक वननिवासींसाठी तीन पिढ्यांचा पुरावा. त्यामुळे ते सोडतो.

फसगत होते ती सामूहिक दाव्यात. मीही यातच अडकलो, म्हणून जरा लांबण लावतो. नमुना 'ब' भरला की निस्तार (घरच्या गरजेपुरता जंगलाचा वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज असे वापराचे हक्क मागितले जातात. जंगल राखायचं, वाढवायचं, त्याचं व्यवस्थापन करायचं, हा कलम 3(1)(आय)चा हक्क. त्यासाठी 2012च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र नमुना 'क' आहे. गावाला दोन्ही एकच वाटतात, साहेब लोकही 'सामूहिक' म्हणून मोकळे होतात. मग 'ब'चा हक्क मिळतो, गुलाल उधळतो, आणि कूप (झाडतोडीचा पट्टा) कुठे पडणार हे पुन्हा वनविभागच ठरवतो. म्हणून हक्कपत्र हातात आलं की फोटोआधी वाचा: जोडपत्र 3 ('ब'चं) आहे की 4 ('क'चं)? क्षेत्र दाव्याइतकंच आहे का? कक्ष क्रमांक (वनविभागाने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांचे नंबर) गळलेत का? खाली एखादी जास्तीची अट घुसवली आहे का? 'ब' मिळाला असला तरी 'क'चा दावा करता येतो. 'आता कशाला, तुम्हाला मिळालंय की' असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. सहसा देत नाहीत.

आणि 'क' मिळाला म्हणजे झालं, असंही नाही. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा हाच हक्क, नमुना 'क' येण्याआधी, 2009 मध्येच मिळाला होता. वनहक्क कायद्यातच बांबू गौण वनोपज आहे. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल 2011 उजाडला, आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं.

उपग्रहाचा नकाशा उघडून टेबलावर शिव आखणाऱ्यांचा मला राग येतो. शिव पायी फिरायची असते, शेजारच्या गावाला सोबत घेऊन. नाहीतर हरकत येते आणि दावा उपविभागीय समितीत पडून राहतो. ग्रामसभेच्या ठरावाला निम्मी हजेरी आणि त्यात एक-तृतीयांश बाया हव्यातच. सह्या घरोघरी फिरून गोळा करू नका.

मोठ्या नावाचा मेंटॉर शोधण्यात वेळ घालवू नका. एसडीओ (उपविभागीय अधिकारी) ऑफिसात दाव्यांच्या फायली सांभाळणारा बाबू आणि वनहक्क समितीतली एखादी म्हातारी आजी, दोघं मिळून पुष्कळ शिकवतात. सुरुवातीला गोंडी कळणार नाही, बैठकीत आपण फालतू आहोत असं वाटेल. ते सगळ्यांनाच वाटतं, सरतं.

मे महिन्यात मात्र बैठका लावू नका. अख्खं गाव पहाटेच तेंदूपत्त्याला गेलेलं असतं. त्यांच्यासोबत जा, आणि निस्तार पत्रकाची (गावाच्या निस्तार हक्कांच्या नोंदीची) प्रत तहसीलमधून त्याआधीच काढून ठेवा.