रोजच्या गाडीने ड्रॅग रेस: पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

बैलगाडा शर्यत पाहिलेल्या माणसाला ड्रॅग रेस समजावून सांगावी लागत नाही. सरळ पट्टा, शेजारी प्रतिस्पर्धी, एका टोकाला बैल सोडणारा सुट्टी मेकर, दुसऱ्या टोकाला निकाल देणारा झेंडापंच. निकाल शेवटी लागतो, पण बैल सुटले कसे यावर निम्मी शर्यत तिथेच ठरलेली असते. गाडीचंही तसंच आहे. आपल्याकडची पोरं आधी एक्झॉस्ट, फिल्टर, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) यावर पैसे घालवतात आणि सुटायला शिकायचं राहूनच जातं. माझं सांगणं उलटं आहे: गाडी शोरूममधून आली तशीच न्या आणि पहिलं वर्ष फक्त सुटण्यावर घाला.

कुठे पळवायची

रस्त्यावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पण मला कायद्यापेक्षा मोठी भीती वेगळीच वाटते. गळीत हंगामात रात्री आपल्या रस्त्यांवर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, आणि मागे दिवा असेलच असं नाही. ताशी १३० ला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, पण तो वळणं शिकण्यासाठी. ड्रॅगला पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर सरळ पट्टा लागतो आणि त्यापुढे थांबायला तितकीच मोकळी जागा. म्हणून आपली माणसं लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीला जातात. तिथल्या धावपट्टीवर व्हॅली रन ही स्पर्धा होत आली आहे. कुठेही नाव घालण्याआधी नियमपुस्तिका पूर्ण वाचा आणि देशातल्या मोटरस्पोर्टची शिखर संस्था एफएमएससीआय हिची परवानगी स्पर्धेला आहे का ते पाहा. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यतीतलं नुकसान धरत नाहीत, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आदल्या आठवड्यात

मिस्त्रीकडे गाडी लिफ्टवर घ्या. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, बॅटरीची पट्टी, कूलंटचे पाइप, चाकांचे नट. इंजिन ऑइल गळत असेल तर जाऊच नका: पट्ट्यावर पडलेला एक थेंब मागून येणाऱ्याची गाडी फिरवतो. टाकी पावभर ठेवा. फुल फेस हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट. नायलॉनचं जॅकेट नको, आग लागली तर ते अंगाला चिकटतं.

ट्रॅकवर पोचल्यावर

स्टेपनी, जॅक, पायपुसणी, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं बाहेर काढा. माझ्या पहिल्या रनला शेवटची रेषा ओलांडून ब्रेक दाबला आणि सीटखाली राहिलेली पाण्याची बाटली घरंगळत पेडलपाशी आली. पाय आधीच ब्रेकवर होता म्हणून निभावलं. तेव्हापासून सीटखाली हाताने चाचपल्याशिवाय मी रांगेत लागत नाही.

एसी रांगेत लागण्याच्या बराच आधी बंद करा. त्याचं पाणी सुटण्याच्या रेषेवर टपकलं, तर तुमचीही चाकं घसरतात आणि पुढच्याचीही.

आता टायर. आपल्या बहुतेक हॅचबॅकची ताकद पुढच्या चाकांना जाते. गाडी जोरात सुटली की नाक उचलतं, वजन मागे सरकतं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी पडतात. म्हणून पुढची हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवा, मागची तशीच राहू द्या. त्याहून कमी नको, साध्या टायरची बाजू दबते आणि गाडी डुलते. टायर भिजवायला पाण्याचा पट्टा केलेला असेल तर बाजूने जा. तो स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या गुळगुळीत टायरवाल्यांसाठी असतो. तुमच्या टायरच्या खाचांत पाणी भरतं आणि तेच रेषेवर सांडतं.

रेषेवर

खांबावर वरून खाली दिवे असतात. पहिले दोन सांगतात की तुमचं पुढचं चाक कुठे आहे. रस्त्यालगत अदृश्य किरण आडवे सोडलेले असतात: चाकाने पहिला अडवला की प्री-स्टेज, आणखी काही इंच पुढे दुसरा अडवला की स्टेज. तिथे इंचाइंचाने जा आणि स्टेजचा दिवा लागताक्षणी थांबा, एक बोटही पुढे नको. कारण चाक तो किरण सोडून पुढे जाईपर्यंत तुमचं घड्याळ सुरू होत नाही. टायर गोल असल्याने तेवढं थोडं अंतर गाडीला घड्याळाविना मिळतं.

म्हणजे तुमची वेळ हिरव्या दिव्यापासून मोजली जात नाही, चाकाने किरण सोडला की मोजली जाते. दिव्यापासून सुटायला किती लागलं तो आकडा वेगळा, रिअ‍ॅक्शन टाइमचा. शेजारच्याला हरवायचं असेल तर तो महत्त्वाचा, फक्त वेळ लावायची असेल तर घाई करून काहीच मिळत नाही. तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागत असतील तर अनुभवी लोक तिसरा पिवळा दिसताच सुटतात. माणूस आणि गाडी हलेपर्यंत हिरवा लागलेला असतो. त्याआधी हललात तर लाल. पहिल्या दिवशी हिरव्याची वाट पाहा.

सुटणं

ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागेवर फिरू न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर एक रन चालू ठेवून, एक बंद करून पाहा. साध्या पेट्रोल इंजिनाला ३,००० आरपीएमच्या आसपास धरा, टर्बोला थोडं कमी. क्लच सोडून द्यायचा नाही. तो पकडायला लागतो तिथपर्यंत आणा, गाडी पुढे झुकल्यासारखी वाटते, आणि दिवा लागला की साधारण एका सेकंदात वर सोडा, सोबत अ‍ॅक्सिलरेटर खाली. कान टायरकडे ठेवा. बारीक चीं असा आवाज आला तर पकड आहे. सलग किंचाळत राहिलं तर चाक जागेवर फिरतंय. पाय पूर्ण उचलू नका, थोडा सैल करा, पकड आली की पुन्हा दाबा.

गिअर रेडलाइनच्या, म्हणजे आरपीएमच्या काट्यावरच्या लाल खुणेच्या, जरा आधी बदला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मूठ आवळू नका, तळव्याने दांडा सरळ पुढे ढकला. आवळलेल्या मुठीने चुकून पहिला पडला तर इंजिन मर्यादेबाहेर फिरतं आणि व्हॉल्व्ह वाकतात. ऑटोमॅटिकवाल्यांनी डावा पाय ब्रेकवर ठेवून १,५०० आरपीएमपर्यंत उचलावं, पण दोन-तीन सेकंदांहून जास्त नाही; गिअरबॉक्सचं ऑइल तापतं.

रेषा ओलांडली की आधी अ‍ॅक्सिलरेटर सोडा, मग हळूहळू ब्रेक. आपली लेन सोडू नका, शेजारी कोण कुठे आहे ते दिसत नसतं.

चिठ्ठी वाचणं

रननंतर वेळेची चिठ्ठी मिळते. साध्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकला पाव मैलाला १८ सेकंदांच्या आसपास लागतात. तो आकडा पाहू नका. वरच्या बाजूला पहिल्या ६० फुटांची वेळ असते, ती पाहा. तिथे सेकंदाचा एक दशांश वाचला तर शेवटी साधारण दीड ते दोन दशांश वाचतात. शेवटचा वेग इंजिनाची ताकद दाखवतो, ६० फूट तुमचा पाय दाखवतात. वेग तोच आणि ६० फुटांची वेळ कमी होत चालली, तर तुम्ही शिकताय.

प्रत्येक चिठ्ठीच्या मागे टायरमध्ये हवा किती होती, आरपीएम किती धरला, ऊन होतं का, ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडून गाडी थंड होऊ द्या, टर्बो असेल तर जास्त वेळ. क्लचचा जळका वास आला तर त्या दिवसाचं तिथेच थांबवा.

निघताना पुढच्या टायरची हवा पुन्हा भरा, चाकांचे नट आवळा, स्टेपनी परत ठेवा. घरापर्यंत अजून मोठा हायवे आहे.