ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी मांडायचा हिशेब

ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचा जोर वाढवणारे उपकरण. त्याची किंमत विचारण्याआधी आपल्या मार्गावर प्रकाश किती घटतो, हे मोजून घ्यावे. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला फायबरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल (प्रकाश किती पटींनी घटला वा वाढला, ते सांगणारे एकक) घट होते; जोडांसह ती ०.२५ धरावी. पणजी ते मडगाव ३५ किलोमीटर फायबर धरल्यास घट ९ डेसिबलच्या आसपास येते आणि ४० किलोमीटर पल्ल्याचे मॉड्यूल, म्हणजे सिग्नल पाठवणारा-घेणारा भाग, ती सहज पेलते. तिथे अ‍ॅम्प्लिफायरवर पैसे घालू नयेत.

गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पेडणे ते काणकोण, मात्र वळणे आणि गुंडाळून ठेवलेली जादा केबल धरून ११० किलोमीटर फायबर लागली, तर २७.५ डेसिबलची घट, कनेक्टरांसाठी १ आणि पुढच्या दुरुस्त्यांसाठी ३, असे ३१.५ डेसिबल होतात. १० गिगाबिटचे ८० किलोमीटर पल्ल्याचे मॉड्यूल साधारण २४ डेसिबलपर्यंतच चालते. ही तूट भरण्यासाठी एर्बियमचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे ईडीएफए, दोन्ही दिशांना पाठवणाऱ्या टोकाशी बूस्टर म्हणून बसवावा, कारण आत शिरणारा प्रकाश जितका जोरकस, तितका अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या नॉइजचा उपद्रव कमी. १० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेला प्रकाशाचा जोर) आउटपुट इथे पुरते. माहितीपत्रकात गेनच्या (प्रकाश किती वाढतो त्याच्या) आधी नॉइज फिगर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतः किती नॉइज घालतो तो आकडा, पाहावी. ५ डेसिबलच्या आसपासची चांगली समजावी.

पुष्कळांची फसगत होते ती पुढे. अ‍ॅम्प्लिफायर प्रकाशाचा जोर वाढवतो, पसरलेले स्पंद आवळत नाही. साध्या फायबरमध्ये हे पसरणे, म्हणजे डिस्पर्शन, सिग्नलच्या तरंगलांबीच्या रुंदीतल्या दर नॅनोमीटरमागे, दर किलोमीटरला १७ पिकोसेकंद असते, म्हणून ८० किलोमीटरसाठी बनवलेले मॉड्यूल ११० किलोमीटरवर पुरेसा प्रकाश मिळूनही चुका करते. त्यासाठी डिस्पर्शन भरपाईचे मॉड्यूल बूस्टरच्या आधी जोडावे, म्हणजे त्याची घट बूस्टरच भरून काढतो.

एवढा खर्च एकाच चॅनेलसाठी, म्हणजे एकाच तरंगलांबीवरच्या सिग्नलसाठी, असेल, तर मडगावला स्विच ठेवून सिग्नल नव्याने पाठवणे माझ्या मते स्वस्त आणि सोपे. चॅनेल आठ-दहा होणार असतील तर गणित उलटते: एकच ईडीएफए १५३० ते १५६५ नॅनोमीटरमधले सगळे चॅनेल एकदम वाढवतो. मात्र आउटपुट त्यांच्यात वाटले जाते. १७ डीबीएमचे आठ चॅनेलांना प्रत्येकी ८ डीबीएमच मिळतात.

पावसाळ्यात वीज जाते, म्हणून बॅटरीचा खर्च सुरुवातीलाच धरावा. कनेक्टर उघडण्याआधी पंप लेझर (अ‍ॅम्प्लिफायरला ऊर्जा पुरवणारा लेझर) बंद करावा आणि टोक प्रत्येक वेळी पुसावे. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याला इजा करतो, आणि जास्त पॉवरला टोकावरची धूळ जळून फायबरच निकामी होऊ शकते.