कमोड हलतो, कडेचं व्हाइट सिमेंट सारखं फुटतं: माझा अनुभव

बसलं की कमोड डावीकडे कलायचा. कडेला व्हाइट सिमेंट भरलं तरी पुन्हा तडकायचं. स्क्रू आवळायला गेलं तर नुसतेच फिरायचे. घरात वयस्कर माणसं असताना याचा फार वैताग येतो. दोष सिमेंटचा नव्हताच. फरशीतली भोकं मोठी होऊन गिट्ट्या (स्क्रू धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे प्लग) सैल झाल्या होत्या.

आधी अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली, कनेक्शन पाइप सोडवला. कमोड सरळ वर उचलून बाजूला ठेवला, फरशीतल्या ड्रेनेज पाइपाच्या तोंडात फडकं कोंबलं. जुनं सिमेंट छिन्नीने पूर्ण खरवडलं. भोकं कोरडी करून त्यांत एम-सील ठासलं. दुसऱ्या दिवशी त्यातच, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून, गिट्टीच्या मापाचं नवं भोक पाडलं. गिट्टीच्या लांबीपेक्षा खोल अजिबात जाऊ नका, खाली वॉटरप्रूफिंग असतं. मग नवी गिट्टी, तळाला नवं रबरी सील.

फडकं काढून कमोड बसवला, लेव्हल लावली, फट दिसली तिथे प्लॅस्टिकची पाचर सारली. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वॉशर घालून आलटूनपालटून, हातानेच आवळले. जोर लावला तर सिरॅमिक तडकतं. कडेला सिमेंटऐवजी सॅनिटरी सिलिकॉन भरलं, मागे दोन बोटं जागा मोकळी सोडून, म्हणजे गळती असेल तर लगेच दिसते. त्यानंतर २४ तास वापर बंद.