दाराचं बीडिंग ओढून बसवू नका

अण्णांची १९९८ ची मारुती ८०० आमच्या घरातून अजून रोज बाहेर पडते. गेल्या आषाढात त्यांना घेऊन गगनबावड्याला आत्याकडं निघाले. वाटेवरचं कळे गाव सोडलं आणि पावसानं गाठलं. आत्याच्या दारात पोचेपर्यंत अण्णांच्या पायाखालचं कार्पेट गच्च झालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत कुबट वास.

दाराच्या चौकटीभोवती पाणी अडवायला रबराची पट्टी असते, ते बीडिंग तर वर्षापूर्वीच नवं घातलं होतं. दुकानातल्या पोरानं ते ओढून ओढून दहा मिनिटांत बसवलं होतं. मी उद्यमनगरात एका फाउंड्रीत हिशेब बघते. तिथल्या फिटर मामांना गाडी दाखवली, तर त्यांनी मागचा वरचा कोपरा बोटानं दाबला आणि म्हणाले, "ताई, ओढलेलं रबर कधी ना कधी मागं येतंयच." खरंच, तिथं रबर आखडून पत्र्यापासून सुटलं होतं. म्हणून यंदा मे महिन्यात पुढच्या दोन्ही दारांचं मी स्वतः बसवलं. शनिवार-रविवार मोकळा ठेवा, त्याहून कमी वेळात नीट होत नाही.

आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून नळीनं पाणी सोडायचं, खालून सुरू करून हळूहळू वर. एकदम वरून सोडलंत तर ओघळ सगळीकडं पसरतात आणि जागा कळत नाही. काचेच्या फटीतून थोडं पाणी दाराच्या पोटात जातंच, ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं मातीनं बुजली असतील, किंवा दाराच्या आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद फाटला असेल, तर पाणी आत उतरतं आणि आळ मात्र बीडिंगवर येतो. भोकं तारेनं मोकळी करा, कागद नीट चिकटवा, मगच खर्चाला हात घाला.

बीडिंगची परीक्षा दहाच्या नोटेनं करायची. नोट मधे धरून दार लावा आणि ओढा. अडखळत निघाली तर ठीक. सुळकन आली तर तिथं रबर टेकत नाही. मी अशा जागांवर खडूनं खुणा केल्या.

दुकानात जाताना जुन्या बीडिंगचा वीतभर तुकडा बरोबर न्या. नुसतं "८०० चं द्या" म्हणून भागत नाही. बीडिंगची पत्र्याला पकडणारी खाच आणि दार लावल्यावर दबणारी पोकळ नळी, खाचेची रुंदी आणि नळीची जाडी दोन्ही जुळली पाहिजेत. नळी दोन मिलिमीटरनं जाड आली तरी दार आपटल्याशिवाय लागत नाही. लांबी चौकटीभोवती सुतळी धरून मोजा आणि वर वीतभर जास्त घ्या. ईपीडीएम रबर मागा, ऊन-पावसात ते साध्या स्पंजापेक्षा पुष्कळ टिकतं.

उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीचे स्क्रू काढून जुनं बीडिंग खालून हातानं सोलत न्या. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका. रंग उडाला की तिथूनच गंज धरतो.

आता उघडी पडलेली पत्र्याची कड नीट बघा. हातमोजे घाला, ती धारदार असते. आमच्या गाडीत खालच्या बाजूला जुन्या खाचेतून तांबडा भुगा गळाला, चहाच्या पुडीसारखा. मागच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं रबर सुटलं होतं तिथंच, कड आत दबलेली होती. वाकड्या कडेवर कितीही चांगलं रबर वाकडंच बसणार. दोन लाकडी पट्ट्यांत कड धरून पकडीनं थोडी थोडी सरळ केली. गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासला, प्रायमर मारला, वर रंग, आणि रात्रभर वाळू दिला. ही पायरी गाळू नका. गंज झाकून वर रबर बसवलं तर आत पाणी धरून पत्रा खातच राहतो.

सकाळी बीडिंग तासभर उन्हात टाका, मऊ होतं. सुरुवात उंबऱ्यावर करा, पाय पडतो त्याच्या जरा मागं. सांधा वर किंवा कोपऱ्यात आला तर पाणी तिथूनच वाट काढतं. खाच कडेवर ठेवा, तळहातानं दाबा, मग रबरी हातोड्यानं हलके ठोके. सरळ भागात नुसतं ठेवत जायचं. कोपऱ्यात रबर दोन्ही बाजूंनी वळणाकडं ढकलायचं, म्हणजे ते दाटून बसतं. ओढलं की नळी चपटी होते. चिमटीत धरून बघा, कोपऱ्यातली नळी सरळ भागातल्याइतकीच गोल लागली पाहिजे. मागचा कोपरा मी तीनदा काढून परत घातला. नळीला बारीक भोकं असतात, ती हवेसाठी आहेत, बुजवू नका. शेवटचं टोक सेंटिमीटरभर लांब ठेवून हॅक्सॉनं कापा (आत पत्र्याच्या पट्ट्या असतात), दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसवा आणि सांध्याला फेविक्विकचा थेंब.

पहिले काही दिवस दार जड लागेल. रात्री ते पूर्ण बंद ठेवा, रबर आपली जागा घेतं. पंधरा दिवसांनीही जडच असेल तर चौकटीच्या खांबावर दाराचं लॉक ज्यात अडकतं त्या आकड्याभोवती पेन्सिलनं खूण करा आणि तो मिलिमीटरभर बाहेर सरकवा. रबराला सिलिकॉन स्प्रे चालतो. व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्यानं ईपीडीएम फुगतं.

पंधरा दिवसांनी मी परत नोट घेऊन बसले. मागच्या कोपऱ्यातूनही ती चरचरत निघाली. अण्णांनी नोट माझ्या हातातून घेतली आणि चारही बाजूंनी स्वतः ओढून बघितली.