सुकाणूच्या पात्याची चीर अखेर बुजली

माझ्या डिंगीच्या (छोट्या होडीच्या) लाकडी सुकाणूच्या पात्याला बोटभर चीर होती. दोनदा वरून पुट्टी भरली, दोन्ही वेळा जोराच्या वाऱ्यात उघडली. फार वैताग आला. खरं कारण आत मुरलेली खारी ओल.

मग पातं गोड्या पाण्याने धुऊन आठ दिवस सावलीत वाळवलं. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं, चीर व्ही आकारात कोरली, भोवतीचा रंग खरवडला. आधी नुसती एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणारा गोंद) ब्रशने मुरवली. ती चिकट असतानाच सिलिका पावडर घालून श्रीखंडाएवढी घट्ट केलेली एपॉक्सी भरली. रेझिन आणि हार्डनर काट्यावरच मोजा, डब्यावरच्या वजनी प्रमाणात. वर दोन्ही बाजूंनी फायबरग्लास कापडाचे दोन थर. दुसऱ्या दिवशी वर आलेला मेणचटपणा आधी पाण्याने घासून काढला, मगच पॉलिशपेपर. शेवटी रंग, कारण उन्हात उघडी एपॉक्सी टिकत नाही.