क्रॉइत्सबर्गमधलं जुनं, ऐसपैस घर भाड्याने घेताना

बर्लिनला नव्याने आलेली मराठी मंडळी क्रॉइत्सबर्गमधलं आल्टबाऊ, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं घर बघतात आणि हरखून जातात. तीन मीटरहून उंच छत, लाकडी जमीन, मोठाल्या खिडक्या. मलाही ही घरं मनापासून आवडतात, म्हणूनच कळकळीने सांगतो: पहिल्या भेटीत सही करू नका.

आधी बघा, घर इमारतीच्या कुठल्या भागात आहे. रस्त्याकडचं फोर्डरहाउस, अंगणामागचं हिंटरहाउस आणि बाजूने गेलेलं झाइटेनफ्ल्यूगेल. १८५३ च्या बांधकाम नियमांनुसार अंगण किमान ५.३४ मीटर लांब-रुंद असलं की भागायचं, आगीचा बंब वळण्यापुरतं. त्यामुळे मागच्या बाजूच्या खालच्या मजल्यांवर हिवाळ्यात भर दिवसाही दिवा लावावा लागतो.

जाहिरातीतल्या तीन खोल्यांत हॉल धरलेला असतो. स्वयंपाकघर आणि बाथरूम वेगळं. म्हणजे आपला टू बीएचके. त्यातली एखादी ‘बर्लिनर त्सिमर’ असेल, तर ती कोपऱ्यातली मोठी खोली, अंगणाकडे एकच खिडकी आणि मागच्या खोल्यांत जायची वाट तिच्यातूनच. मित्रांबरोबर घर वाटून घेणार असाल तर त्या खोलीत झोपणाऱ्याची पंचाईत होते.

भाड्यात काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटेमध्ये इमारतीचे खर्च आणि बहुधा हीटिंगही. पण घरात स्वतंत्र गॅस बॉयलर असेल तर गॅसचं बिल तुमच्या नावावर, वेगळं येतं. उंच छताचं घर तापवायला जास्त गॅस लागतो, म्हणून आधीच्या भाडेकरूचं वर्षाचं बिल मागून बघा. वीज आणि इंटरनेट वेगळंच.

अनामत रक्कम काल्टमीटेच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा तुम्हाला हक्क आहे. एजंट घरमालकाने नेमला असेल तर त्याची दलाली तुम्ही द्यायची नाही. घर न बघता कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

बर्लिनमध्ये १ जून २०१५ पासून मीटप्राइसब्रेम्झे लागू आहे. नव्या करारात भाडं त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त नसावं, असा साधारण नियम. अपवाद आहेत: आधीच्या भाडेकरूचं भाडंच जास्त असेल किंवा घराचं मोठं नूतनीकरण झालं असेल तर. शहराचा मीटश्पीगेल, म्हणजे या तुलनात्मक भाड्यांचा तक्ता, इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात पत्ता घालून हिशेब करा. आपण परके, कशाला भांडायचं, असं मनात आणू नका. भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा, करार त्यांच्या वकिलाला दाखवा.

करारात आनमेल्डुंगची खात्री करून घ्या. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं. ‘नोंदणी मिळणार नाही’ म्हणणारं घर कितीही सुंदर असलं तरी सोडून द्या.

आणि जिन्यात भेटणाऱ्या जुन्या शेजाऱ्यांशी बोला. पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी केलेल्या १९६१ च्या कामगार-भरती करारानंतर तिथून कामगार इथे आले. बर्लिनच्या भिंतीलगतच्या या पडक्या, स्वस्त घरांत त्यांची कुटुंबं वसली आणि मोहल्ला त्यांनी जिवंत ठेवला. कुठल्या भिंतीला ओल येते, तक्रार केल्यावर घरमालक किती दिवसांनी माणूस पाठवतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. रात्री दहानंतर आवाज मात्र करू नका. लाकडी जमिनीवरचं पाऊल खाली स्पष्ट ऐकू जातं.

चावी घेताना प्रत्येक ओरखडा आणि मीटरचे आकडे लेखी नोंदवा, फोटो काढा. त्याच दिवशी टपालपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव लावा. नाव नसेल तर टॅक्स नंबरचं पत्र आणि बँकेचं कार्ड दोन्ही परत जातं.