लहान मुलांना प्रकाशाचा वेग कसा समजावून सांगावा

सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला ‘प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो’ असे सांगितले, तर ते वाक्य त्याला पाठ होते. पण लाख म्हणजे नेमके किती, हेच ज्याला अजून उमगलेले नाही, त्याच्या हाती त्यातून काही लागत नाही. म्हणून आकडा शेवटी सांगावा. प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो, ही गोष्ट त्याच्या मनात आधी रुजवावी, कारण बटण दाबताच खोली उजळते आणि त्यामुळे प्रकाश कुठून तरी येतो असे त्याला कधी वाटलेलेच नसते.

सुरुवात पावसाळ्यातल्या विजेपासून करावी. घरात सुरक्षित बसून, वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मुलाला मोजू द्यावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे ९ सेकंद मोजले तर वीज ३ किलोमीटरवर चमकली. प्रकाश आणि आवाज दोन्ही एकाच ठिकाणाहून निघाले आणि आवाज मागे राहिला, हे मुलाने स्वतः मोजलेले असल्यामुळे ‘वेग’ हा शब्द त्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

यानंतरचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी मोकळे मैदान किंवा सरळ, रहदारी नसलेला रस्ता हवा. सव्वा सेंटीमीटरची एक गोटी जमिनीवर ठेवावी. ती आपली पृथ्वी. तिच्यापासून ३८ सेंटीमीटरवर साबुदाण्याचा एक दाणा ठेवावा, तो चंद्र. सूर्य मात्र १५० मीटर दूर, आणि तोही जवळपास १ मीटर ४० सेंटीमीटर रुंदीचा, म्हणून तिथे मोठ्या माणसाला हात पसरून उभे करावे. या मापात प्रकाश सेकंदाला ३० सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या पट्टीएवढा, पुढे सरकतो. आता आपण सेकंदाला एक टाळी वाजवायची, मुलाने ‘प्रकाश’ व्हायचे आणि दर टाळीला पट्टीएवढे एकच पाऊल टाकत सूर्यापासून गोटीकडे निघायचे. साबुदाण्यापासून गोटीपर्यंत जेमतेम सव्वा पाऊल पडते, पण सूर्यापासून चालत येताना ८ मिनिटे २० सेकंद लागतात. मूल कंटाळते, ‘अजून किती?’ असे विचारते, मध्येच पळू पाहते. त्याला पळू देऊ नये, कारण ते अंतर त्या कंटाळ्यातूनच त्याला कळणार आहे. ते पोहोचले की सांगावे की खरा प्रकाशही सूर्यापासून इथे यायला एवढाच वेळ घेतो. सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हेही त्याच वेळी बजावावे.

आकडा सांगायचा तो आता. प्रकाशाला वळता आले असते, तर एका सेकंदात त्याने पृथ्वीला सुमारे साडेसात फेऱ्या मारल्या असत्या. ताशी ९०० किलोमीटर वेगाने न थांबता उडणाऱ्या विमानाला मात्र सूर्याएवढे अंतर कापायला सुमारे १९ वर्षे लागतील.

‘हे कुणी मोजले?’ असे मुलाने विचारले तर रोमरची गोष्ट सांगावी. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा दिसत जातात, हे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आले आणि प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, असा निष्कर्ष त्याने १६७६ मध्ये मांडला.

प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाशाने एका वर्षात कापलेले अंतर. त्यात ‘वर्ष’ असले तरी ते वेळेचे माप नाही, हे मोठ्यांचेही चुकते, तेव्हा इथे सावकाश जावे. फेब्रुवारीतल्या एखाद्या स्वच्छ संध्याकाळी मृग नक्षत्रातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांची रेषा आग्नेयेकडे वाढवली की तेजस्वी व्याध सापडतो. तो सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. साडेआठ वर्षांच्या मुलाला तो दाखवून सांगावे की आज तुझ्या डोळ्यांत शिरणारा हा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा तुझा जन्म जेमतेम होत होता.